मामेभावाची ८५० टर्बो स्नोमोबिल चालवायचीय, गुलमर्गचा अनुभव काही कामाचा आहे का?

एमपी०९वाला
नमस्कार मंडळी. मी इंदूर, लोकमान्य नगरचा. गाड्यांचं वेड लहानपणापासून, घरी बाबांची आरएक्स १०० अजून उभी आहे (चालू कंडिशन, विकायची नाही, विचारू नका). तर झालं असं की जानेवारीत गुलमर्गला स्नोमोबिल (पुढे दोन स्की, मागे रबरी पट्ट्याचा ट्रॅक, अशी बर्फावरची गाडी) चालवली. चालवली म्हणजे काय, मागे त्यांचा माणूस बसलेला आणि अंगठ्याने गॅस तेवढा मी देत होतो. जुनी, दोन सीटची गाडी. सपाटीवर मजा आली पण चढ लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही, वर दहा मिनिटांत टेंपरेचरचा लाल दिवा. तो म्हणाला "सर, हवा पतली है". पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता मार्चमध्ये कॅनडात रेव्हलस्टोकला मामेभावाकडे जातोय. त्याने नवीन स्की-डू समिट घेतलीय, ८५० सीसी टर्बो, १६५ इंची ट्रॅक, त्यावर ३ इंची लग (रबरी दाते). आणि मला पार्ट्सची ही लांबलचक यादी पाठवलीय, क्लच किट, सायलेन्सर, हॅंडल रायझर (हॅंडल उंच करायचा तुकडा), शॉक, म्हणे तू गाड्यांतला आहेस, सांग काय लावू. मी कप्पाळ सांगणार. कोणी खरंच चालवली असेल तर सांगा की नवीन गाड्या चालवायला कशा आहेत, यातलं काय लावण्यासारखं आहे आणि मी पहिल्या दिवशी हात-पाय मोडून घेणार का.

नारायणबाग_ते_कॅलगरी
अकरा हिवाळे झाले इथे, त्यातले नऊ स्लेडवर (इथे सगळे स्लेडच म्हणतात), म्हणून बोलतो.

गुलमर्गचं विसर. अंगठ्याने गॅस आणि डाव्या हाताने ब्रेक एवढंच सारखं आहे. माउंटन स्लेडला सीट नावाला असते, दिवसभर उभ्यानेच चालवायची. पुढच्या दोन स्कींमधलं अंतर मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, ३६ इंच वगैरे, साध्या ट्रेलच्या गाडीला ४२ च्या आसपास असतं. कारण ही गाडी सपाट चालवायचीच नसते, एका कडेवर कलंडवून चालवायची असते. समजा डोंगर तुझ्या डाव्या हाताला आहे आणि तुला आडवं जायचंय, तर हॅंडल उजवीकडे म्हणजे दरीकडे वळवायचं, सगळं वजन डाव्या फुटबोर्डवर, गाडी डोंगराकडे कलंडते आणि ट्रॅकची कड बर्फात रुतून सरळ रेष धरते. डोकं हे मान्यच करत नाही. मी पहिल्या सीझनला घाबरून हॅंडल डोंगराकडे वळवलं, गाडी सपाट झाली आणि घरंगळत खाली एका सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याशी. त्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाची विहीर असते, गाडी तोंडावर तिच्यात गेली. कोरडं वजनच दोनशे किलोच्या आसपास, वर पेट्रोल आणि शेपटीवर साचलेला बर्फ. आम्ही दोघं दीड तास फावड्याने खणत होतो, घामाने आतला बनियन पिळून काढावा लागला आणि मग थांबल्यावर तोच घाम थंड पडतो ते वेगळंच.

आता टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. आरएक्सवाला आहेस तर ऐक, हे पण टू-स्ट्रोकच आहे, दोन सिलिंडर, तोच वास. तुझी आरएक्स अकरा हॉर्सपॉवर, साधी ८५० एकशे पासष्ट. पण साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. गुलमर्ग २,६५० मीटर म्हणजे ८,७०० फूट, तिथे पावभाग ताकद हवेतच गेली, म्हणजे तो माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. स्की-डूने २०२१ च्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच टर्बो दिला तेव्हा मुद्दा हाच होता की ८,००० फुटांपर्यंत १६५ च्या १६५ मिळावेत, नंतरच्या टर्बो आरला तर १८०. दुसरी कंपनी पोलॅरिस, तिने पाठोपाठ २०२२ ला आपली टर्बो, बूस्ट, आणली. गंमत म्हणजे रेव्हलस्टोक गाव आपल्या इंदूरपेक्षा खाली आहे, ४८० मीटरच्या आसपास, तिथे पार्किंगमध्ये तुला वाटेल यात विशेष काय. तिथल्या बोल्डर किंवा फ्रिस्बी डोंगरावर वर चढलास की कळेल. साध्या गाडीत चढाच्या मध्यावर दम संपत चाललेला पायाला कळतो, यात अंगठा दाबून ठेवला की ओढतच राहते, उलट पुढचा भाग उचलायला लागतो आणि नवखा माणूस घाबरून एकदम गॅस सोडतो. सोडला की गाडी थांबते, परत गॅस दिला की ३ इंची लग जागेवर खड्डा खणते आणि गाडी बसली.

यादीबद्दल माझं मत, पहिला सीझन काही लावू नका. पैसे न लागणारी गोष्ट आधी करा, ट्रॅकच्या आत लिमिटर पट्टा असतो तो एक भोक घट्ट केला तर स्कीवर वजन येतं, पुढचा भाग कमी उचलतो, नवख्याला तेच हवं. रायझर भाऊ उंच असेल तरच. सायलेन्सरने चार-दोन किलो कमी होतात आणि कान जातात. शॉक कंपनीचे चांगले असतात, आधी नीट सेट तर करा.

पिथमपूर_बी_शिफ्ट
क्लच किटवर मी बोलतो. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलाय पण सीव्हीटी (स्कूटरचा बेल्टवाला ऑटोमॅटिक गिअर) रोजचं काम आहे.

ऍक्टिव्हाचं डावं कव्हर उघडलेलं पाहिलं आहेस ना? पुढे व्हेरिएटर, आत रोलर, मागे स्प्रिंगवाली पुली, मध्ये बेल्ट. स्लेडमध्ये तेच तत्त्व, फक्त रोलरच्या जागी वजनाचे हात असतात आणि मागे स्प्रिंगबरोबर हेलिक्स नावाची तिरकी खाच. वेगळा क्लच-शू नसतो, पुढची पुली बेल्टला चिमटीत धरते तोच क्लच. वजनं जड असली की पुली लवकर मिटते, इंजिन आपल्या ताकदीच्या आरपीएमला पोचतच नाही. हलकी असली की इंजिन फिरत राहतं, गाडी पळत नाही. त्या ८५० ला पूर्ण ताकद आठ हजारच्या आसपास मिळते, तिथे काटा उभा राहिला पाहिजे, सगळी ट्यूनिंग एवढ्यासाठी.

म्हणून साध्या इंजिनवाले उंचीप्रमाणे वजनं बदलतात, वर गेलं की हलकी. टर्बोत ताकद उंचीवर टिकते म्हटल्यावर ती कटकट तशीही कमी. मग भावाला किट कशाला हवंय? काटा कमी दाखवतोय का? काहीच त्रास नसेल तर अपग्रेड म्हणजे खर्च करून गाडी बिघडवणं, भिया. आणि नवीन बेल्टला पहिले पन्नासेक किलोमीटर आरामात चालवायचं, पूर्ण गॅस नाही. बेल्ट तापून फाटला तर त्याचे धागे पुलीत गुंडाळतात. ऍक्टिव्हात महू नाक्यावर मिस्त्री मिळेल, तिथे डोंगरात कोण येणार, म्हणून एक बेल्ट जवळ ठेवायचाच.

सराफ्यातला_गोलू
एवढ्या पैशात आपल्या जानापाव डोंगरावर शंभर वेळा जाऊन येशील, वर पोहे-जिलेबी पण होईल 😄

रामबागची_लेक
दादा, सगळे इंजिनवरच बोलतायत. मी मनालीला पर्वतारोहणाचा बेसिक केलाय, तिथे पहिल्यांदा हिमस्खलनाच्या बीकनचा (गाडलेल्या माणसाला शोधायला सिग्नल देणारं यंत्र) सराव केला. त्या यादीत बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आहे का? भावाकडे असेल, पण तुझ्यासाठी वेगळं हवं, आणि अंगावर हवं, गाडीच्या बॅगेत नाही. गाडी एकीकडे वाहून गेली आणि तू दुसरीकडे तर बॅगेतला बीकन काय कामाचा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, म्हणजे शोधणारे तुझे सोबतीच, हेलिकॉप्टर नाही. मोबाइल बीकनपासून वीस सेंटिमीटर तरी लांब, शोधताना पन्नास. गरम होणाऱ्या हातमोज्यांची वायरसुद्धा गडबड करते.

आणि उतारावर एका वेळी एकच गाडी. एखादा वर अडकला की दुसरा मदतीला गॅस मारत जातो आणि दोघांच्या वजनाने उतार सुटतो. अव्हलांच कॅनडा या संस्थेचा हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज रोज येतो, सकाळी तो वाचायचा, लाल असेल तर घरी बसून पोहे करायचे.

एमपी०९वाला
ताई, विचारलं. त्याचा एक सेट आहे, दुसरा भाड्याने घेतोय म्हणाला. एअरबॅगवाली सॅक (हिमस्खलनात फुगणारी) पण बघतोय.

पिथमपूरवाले भाऊ, तुम्ही बरोबर पकडलंत. फोनवर खोदून विचारलं तर म्हणतो आरपीएम ७,९०० दाखवतो, काही त्रास नाही, मित्राने लावलं म्हणून मला पण. किट कॅन्सल!

एक राहिलं, गुलमर्गचा लाल दिवा. तिकडे पण गाडी तापेल का?

नारायणबाग_ते_कॅलगरी
ताज्या बर्फात नाही तापणार. या गाड्यांना पुढे पंखेवाला रेडिएटर नसतो, ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात कूलर असतात, ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांवर आदळून ते थंड होतात. गुलमर्गला तुम्ही गाड्यांनी दाबून दगड झालेल्या बर्फावर हळूहळू फिरत होतात, उडणार काय? यावर स्वस्त आणि खरंच कामाची वस्तू म्हणजे स्क्रॅचर, स्प्रिंगच्या तारा असतात, खाली सोडल्या की कडक बर्फ खरवडून भुगा वर फेकतात. ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना पण त्यानेच ओल मिळते, नाहीतर त्या वितळतात. पार्किंगपासून वर जाणारा दाबलेला रस्ता बराच लांब आहे, त्यावर लागतातच. भावाच्या गाडीवर आहेत का विचार.

एमपी०९वाला
विचारलं. आहेत, पण डावीकडची तार वाकलीय म्हणतो, आपोआप.

नारायणबाग_ते_कॅलगरी
आपोआप काही नाही. खाली सोडून रिव्हर्स घेतला असणार.