माल्मोचं वेस्त्रा हामनेन खरंच इको-फ्रेंडली की श्रीमंतांचं शोपीस?

तिरपागडा:
मंडळी, प्रोजेक्टसाठी स्वीडनमधल्या माल्मोच्या वेस्त्रा हामनेनवर लिहितोय. जिथे तिथे एकच वाचायला मिळतं, २००१ च्या बो-०१ या गृहप्रदर्शनातून उभी राहिलेली वस्ती, शंभर टक्के एनर्जी जवळच्याच रिन्यूएबल सोर्समधून वगैरे वगैरे. आणि फोटोत दिसतात समुद्राकडे तोंड केलेले काचेचे महागडे फ्लॅट. हे शंभर टक्के म्हणजे नेमकं काय? आणि साध्या पगारातला माणूस तिथे राहू शकतो का?

उंबरठा:
शंभर टक्के ते वर्षभराच्या हिशोबात रे. वारा पडला म्हणून तिथे अंधार होत नाही, सगळं शहराच्या ग्रिडला जोडलेलंच आहे, पवनचक्कीची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि लागेल तेव्हा परत घ्यायची. खरी भारी गोष्ट जमिनीखाली आहे, चुनखडीच्या थरातल्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब साठवतात आणि हिवाळ्यात हीट पंपाने वर काढतात. पण गोम अशी की टार्गेट होतं चौरस मीटरला वर्षाला १०५ युनिट आणि प्रत्यक्ष मोजल्यावर बऱ्याच इमारती त्याच्या वर गेल्या. सी व्ह्यू पाहिजे म्हणून भिंतभर काचा लावल्या, मग ऊब बाहेर जाणारच ना!

जुनाखलाशी:
तिथे आधी कॉकम्सचा जहाज कारखाना होता हे विसरू नका. धंदा बसला, मोठी क्रेन २००२ मध्ये कोरियात उल्सानला गेली, तीही म्हणे एका डॉलरला. आता शहराची खूण म्हणजे टर्निंग टॉर्सो ही पीळ दिलेली गगनचुंबी इमारत, १९० मीटर. बो-०१ ची घरं महागच, त्यात वाद नाही. पुढच्या फ्लागहूसेन टप्प्यात मात्र पालिका आणि बिल्डर एकत्र बसले, भाड्याची घरं आणली, खर्च आवरायला बघितलं. तरी त्याच शहरातली रोसेनगोर्ड ही कमी उत्पन्नवाल्यांची वस्ती बघितली की दरी कळते.

उंबरठा:
+१

पागोळी:
सगळे एनर्जीवरच काय अडकलात, मला तर तिथलं प्लॅनिंग जास्त आवडतं. समुद्राकडच्या उंच इमारती वारा अडवतात आणि आत वाकड्यातिकड्या गल्ल्या, म्हणून चालायला बरं वाटतं. पावसाचं पाणी उघड्या पाटांतून वाहतं. बिल्डरला ३५ हिरव्या गोष्टींच्या यादीतून निदान १० कराव्याच लागायच्या, त्यात वटवाघळांसाठी पेट्यासुद्धा :) आणि किनारा सगळ्यांना खुला, उन्हाळ्यात गावभरचे लोक पोहायला येतात, ज्यांनी शांततेसाठी पैसे मोजले त्यांची कुरकुर वेगळी.

तिरपागडा:
भारीच, थँक्स सगळ्यांना. मग फ्लागहूसेनचे वापराचे आकडे बो-०१ च्या शेजारी ठेवून बघतो.

उंबरठा:
ठेव, पण आधी त्यात घरगुती वीज धरलीय का ते तपास. १०५ मध्ये ती धरलेली आहे, नुसत्या हीटिंगचे आकडे शेजारी ठेवलेस तर भलताच निष्कर्ष निघेल.