सल्ला हवा: फाउंडर्स ब्रेकफास्ट स्टाउट कशी चाखावी?

तांबूसफेस: ग्रँड रॅपिड्सच्या (मिशिगन) फाउंडर्स या ब्रूअरीची ब्रेकफास्ट स्टाउट इथे चार बाटल्यांच्या पॅकमध्ये मिळतेय. लागर (हलकी बिअर) आणि आयपीएची (कडवट बिअर) सवय आहे, स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) नवीन. शनिवारी चौघं चाखणार आहोत. किती थंड हवी, ग्लास कुठला, बरोबर खायला काय? दुकानात सात महिने जुना पॅक स्वस्तात आहे, तो घेऊ का?

भट्टीवाला: जुना पॅक राहू द्या. ८.३% अल्कोहोल असल्यामुळे बिअर टिकेल हो, कॉफी टिकत नाही. हिच्यात सुमात्रा आणि कोना कॉफी असते. तो वास दोन-तीन महिन्यांत उतरायला लागतो आणि कधीकधी त्या जागी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. ओल्या पुठ्ठ्याची किंवा सोया सॉसची चव लागली तर ते बाटलीतल्या हवेचं काम. बाटलीत भरल्याची तारीख बघूनच घ्या.

फ्रिजमधून काढल्यावर २०-२५ मिनिटं बाहेर ठेवा, १० ते १३ अंश सेल्सिअस पुरे. चार अंशांवर प्यायलात तर नुसता करपट कडूपणा लागेल, चॉकलेट कळणारच नाही. बर्फात ठेवलेला ग्लास तर मुळीच नको. ट्यूलिप किंवा स्निफ्टर (तोंडाशी निमुळते होणारे फुगीर ग्लास) घ्या, नसेल तर वाइनचा ग्लास चालतो. तिरपा धरून अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं तपकिरी फेस यायला हवा. फेस लगेच बसला आणि काचेला बुडबुडे चिकटलेले दिसले, तर बिअरला नावं ठेवण्याआधी ग्लास तपासा, तेलकट राहिला असेल.

चाखताना कॉफी आणि भाजलेलं जव वेगळं ओळखायचा प्रयत्न करा. कॉफी आधी नाकाला कळते. जवाचा कोरडा, राखेकडे झुकणारा कडूपणा घोट गिळल्यावर जिभेच्या मागे राहतो. तोंडात जो मऊ दाटपणा जाणवतो तो ओट्सचा, साखरेचा नाही. काळ्या माल्टचा (मोड आणून करपट भाजलेल्या जवाचा) आणि कॉफीचा किंचित आंबटपणा ठीक आहे. झाकण काढताच फेस उसळून आला आणि चव व्हिनेगरसारखी लागली तर बाटली बिघडलीय, ओतून टाका.

खारेदाणे: खायला तिखट नको. अल्कोहोल आणि कडूपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात, त्यामुळे मिसळ दुसऱ्या दिवशी. खारे दाणे, जुनं चेडर चीज, नाहीतर व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे हीच स्टाउट. गुलाबजाम मात्र नको, पाकापुढे बिअर पातळ आणि आंबट लागते.

सुटीबाटली: भट्टीवाले, जुन्याबद्दल थोडा मतभेद. पॅक नको, पण सुटी बाटली देत असतील तर एक घ्यावी आणि ताजीच्या शेजारी ठेवावी. कॉफी गेली म्हणजे काय, ते एका घोटात कळतं. ताजी आधी, जुनी नंतर.

तांबूसफेस: फाउंडर्सची केबीएस नावाची स्टाउट हीच का?

भट्टीवाला: नाही. ती बर्बनच्या पिंपात मुरवतात, अल्कोहोल सुमारे १२%. दोन्ही एकाच बैठकीत असतील तर ती शेवटी घ्या, आधी घेतलीत तर ही पाणचट वाटेल.

खारेदाणे: आणि ३५५ मिलीची एक बाटली म्हणजे अमेरिकी मोजणीत दीडपेक्षा जास्त ड्रिंक. कॉफी आहे म्हणून नशा कमी होत नाही, फक्त तरतरी वाटते. चौघांत दोन बाटल्या उघडा, गाडी घरी ठेवा.