सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्या काढून नव्या मोठ्या बसवाव्यात का?

सडेकर
मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण खोऱ्यातला. वनकुसवड्याचं पठार लहानपणापासून पाहतोय. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिथे पवनचक्क्या आल्या तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या चुलत्यांनी सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावरची, जमीन एका एजंटाला विकली. एकराचा भाव इतका किरकोळ मिळाला की त्या पैशांत एक म्हैसही आली नाही. 'पडीक माळ आहे, तिथं काय पिकतंय' असं सांगून सह्या घेतल्या. नंतर कळलं, त्या माळाला किंमत वाऱ्यामुळे होती आणि तेवढंच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ती ३५० किलोवॅटची यंत्रं म्हातारी झालीत. २०२३ साली केंद्राने जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं सुधारित धोरण आणलंय. तशी नऊ यंत्रं मिळून जेवढी क्षमता होते, तेवढी हल्ली तीन मेगावॅटच्या एकाच यंत्रात मिळते. गावात चर्चा सुरू झाली आहे. माझं मत: नवी यंत्रं यावीत, पण जुन्या अटींवर अजिबात नाही. तुम्हाला काय वाटतं?

परळीचा_अभियंता
यावीतच. माझी सगळी नोकरी कोळशावरच्या औष्णिक केंद्रात झाली, त्यामुळे दुसरी बाजू जवळून पाहिली आहे. २०१५ च्या जुलैत परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, पाणीच नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्राने कोळशावरच्या केंद्रांना पाणी वापरायची मर्यादा घालून दिली, तीसुद्धा एका युनिटमागे साडेतीन लिटर. पवनचक्कीला वीज करायला पाणी लागतच नाही. तीन मेगावॅटचं एक यंत्र वर्षभर सरासरी पाव क्षमतेने जरी चाललं तरी सुमारे ६५ लाख युनिटं होतात. म्हणजे सव्वादोन कोटी लिटरहून जास्त पाणी वाचलं. मराठवाड्यात टँकरमागे धावलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कार्बनचंही तेच. यंत्र बनवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरून हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४ च्या अहवालात जमिनीवरच्या पवनऊर्जेला युनिटमागे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दिलाय, कोळशाला ८२०.

गरुडमाची
परळीचं दुःख मान्य. पण दादा, 'पडीक माळ' हा शब्द चुलत्यांना फसवायला वापरला, तोच आज आपण सगळे वापरतोय, हे लक्षात घ्या. सडा पडीक नसतो. कासचं पठार सडाच आहे आणि २०१२ पासून तो जागतिक वारशाचा भाग आहे. जांभ्या दगडावर वीतभर मातीत जे उगवतं ते खाली दरीत सापडत नाही.

मी ठोसेघर-चाळकेवाडीला बरीच वर्षं पक्षी बघायला जाते. तिथल्याच पठारावरचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी आढळले. ते कमी झाल्यामुळे गळ्याचा पंखा फुलवणारे सरडे वाढले. नुसते वाढले नाहीत, त्यांची भीतीच कमी झाली, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते हलेनासे झाले. याच सरड्याच्या प्रजातीला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं आणि त्यात आपला मराठी 'सरडा' शब्द आहे. म्हणजे पवनचक्कीचं पातं फक्त वर फिरत नाही. खाली गवतात कोण कुणाला खातं तेही ते बदलतं.

आणि रस्ते! साठ-सत्तर मीटरचं पातं एका तुकड्यात वर न्यायचं तर घाटाची वळणं कापावी लागतात. भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांसाठी डोंगर कसा फोडला आणि त्याची माती कुठे गेली, हे पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात वाचा. मोठी यंत्रं म्हणजे आणखी मोठे रस्ते.

माणदेशी
आमच्याकडं लोक वेगळंच सांगत्यात. ह्या पंख्यांनी ढग पळिवलं. पाटणच्या डोंगरावर पंखं फिरायला लागलं आन् इकडं माणात पाऊस कमी झाला. दुष्काळात माणसं चिडून असायची पंख्यांवर. खरं-खोटं मला म्हाईत न्हाई, पण गावात ईचारलं तर दहातली आठ माणसं हेच सांगतील.

परळीचा_अभियंता
दादा, चीड कळते, पण कारण ते नाही. अरबी समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला आडवला जातो, वर चढतो, थंड होतो आणि घाटमाथ्यावरच बराच रिकामा होतो. माण-खटाव त्या पावसाच्या आडोशाला आहे, आजचं नाही, पहिल्यापासून. १९७२ च्या दुष्काळात या डोंगरावर एकही पवनचक्की नव्हती. ढगांचा थर किलोमीटरच्या हिशेबात असतो. सत्तर-ऐंशी मीटरचा टॉवर त्यातून पाणी हिसकावू शकत नाही.

माणदेशी
बहात्तर आमच्या आईनं खडी फोडून काढलंय. बरोबर हाय तुमचं. मग लोकांना ह्ये कोण सांगायला का आलं न्हाई? यंत्रं बसवणारी माणसं गावात सह्या घ्यायलाच यायची.

लाईनमन_कराड
माझा आक्षेप वेगळा आहे. वारं पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर या महिन्यांतच वर्षातली बरीचशी वीज होते. तेव्हा शेतीपंप बंद, एसी बंद, मागणी पडलेली. ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्चमध्ये उसाला पाणी द्यायच्या वेळी हेच पंखे गप्प. मग कोळशाचे संच बंद कसे करणार? ते राखूनच ठेवावे लागतात. फायदे सांगताना हा खर्च कुणी धरत नाही.

परळीचा_अभियंता
हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. यंत्राची क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक पडणारच. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. ताशी २० किलोमीटरचा वारा २५ झाला की ऊर्जा जवळजवळ दुप्पट, आणि १० वर आला की आठवा हिस्सा. त्यामुळे वारा थोडा पडला तरी वीज खूप पडते.

पण वनकुसवड्याच्या पायथ्याशी काय आहे? शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. कोयनेचे संच १,९६० मेगावॅटचे आहेत, काही मिनिटांत चालू-बंद होतात, आणि पश्चिमेकडे सोडून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वापरता येतं. पावसाळ्यात वरचे पंखे फिरत असताना त्या कोट्यातलं पाणी राखलं तर तेच उन्हाळ्यात संध्याकाळी वापरता येईल. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे सौरऊर्जा मंदावते, नेमका तेव्हाच वारा जोरात असतो.

लाईनमन_कराड
धरण भरून सांडवा चालू असताना पाणी राखणार कुठे? चांगल्या पावसाच्या वर्षी तुमचा हिशेब कोलमडतो. कमी पावसाच्या वर्षी मात्र चालेल, हे कबूल.

साक्रीहून
तुमच्याकडे निदान सातबारा तरी होता. आमच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला बरीच यंत्रं वनजमिनीवर उभी राहिली. ती जमीन आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत आले, गुरं चारत आले. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा दावे करायचे तर जागेवर टॉवर आणि रस्ता. पवनऊर्जा स्वच्छ म्हणताना धूर नाही एवढंच बघायचं का? रात्री पात्यांचा आवाज ऐकत ज्या पाड्यावर झोपायचं, त्या पाड्यावर वीज नेमाने असायला नको का?

सडेकर
साक्रीकर, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझ्या मते मूळ दुखणं तिथेच आहे. त्या काळात सवलत यंत्र उभं करण्यावर होती, वीज किती झाली यावर नव्हती. पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीचा ८० टक्के भाग घसारा, म्हणजे यंत्राची झीज, म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचा, त्याआधी तर शंभर टक्के. युनिटमागे ५० पैसे देणारी योजना २००९ मध्ये आली. तोवर कर वाचवायला गुंतवणूकदार आले. डोंगर कुठला, गाव कुठलं, त्यांना ठाऊक असायची गरजच नव्हती. आमच्या सड्यावर पातं तुटलेलं एक यंत्र दोन पावसाळे तसंच उभं होतं, विचारायला गेलो तर मालक कोण हेच कुणी सांगेना.

डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने नव्या पवनचक्कीचा किमान २० टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं होतं. आम्ही ग्रामसभेत तेच मागणार आहोत. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. भाडं ठरावीक नको, विजेच्या युनिटवर हवं. यंत्र बंद राहिलं तर त्यांचंही नुकसान आणि आमचंही, मग दुरुस्ती आपोआप होईल. मोडीत काढायचे पैसे आधीच वेगळे ठेवायचे, कारण टॉवरचं लोखंड भंगारात जातं पण काचतंतूंची पाती कुणी घेत नाही.

गरुडमाची
आणि पक्ष्यांसाठी काय? हिस्सा मिळाला म्हणून ससाणा परत येणार नाही.

सडेकर
ताई, नऊच्या जागी एक आलं तर आठ जागा रिकाम्या होतील. तिथले चौथरे आणि रस्ते उखडून सडा मोकळा करायचा, अशी अट घालू. एक यंत्र कुठे बसवायचं हे तुम्ही सांगा. ग्रामसभा दिवाळीनंतर आहे. कडेच्या कुठल्या कपारीत कोण घरटं करतं त्याची यादी द्याल का? ठरावाला जोडतो.

गरुडमाची
यादी देते, नकाशासकट. नवं यंत्र दरीच्या कडेपासून आत हवं, कारण शिकारी पक्षी कडेवरच्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगतात. पण कंपनीला वारा नेमका तिथेच जास्त मिळतो, त्यामुळे ती हे मान्य करणार नाही. ठरावात माझा विरोध नोंदवून मगच यादी जोडा.

सडेकर
नोंदवतो. ग्रामसभेला तुम्हीही या, कड्याचं तुमच्या तोंडून ऐकू दे सगळ्यांना.