सीआरई पॉइंट्स भरतायत, पण चक्करचं काम हातात कधी येणार?

कानोसा_लातूर
नमस्कार मंडळी. मी बीएएसएलपी (कान आणि वाचेची पदवी) २०१३ ची, लातूरला एका ईएनटी सरांच्या क्लिनिकमध्ये बसते. रोजचं काम म्हणजे पीटीए, टिम्प, कधीतरी बेरा अशा कानाच्या तपासण्या आणि कानाच्या मशीनचं फिटिंग. आरसीआयचं (भारतीय पुनर्वसन परिषदेचं) रजिस्ट्रेशन रिन्यूअल दर पाच वर्षांनी असतं ते तुम्हाला माहीतच आहे, यंदा माझा नंबर आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या सीआरई, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या पॉइंट्सपैकी २२ कमी पडतायत. ते भरतील हो, वेबिनार आहेतच. मागच्याच महिन्यात एक केला, दोन तास स्लाइड वाचून दाखवल्या, मी इकडे मोबाईल म्यूट करून इयरमोल्ड घासत बसले होते आणि सर्टिफिकेट मात्र रीतसर आलं. खोटं कशाला बोलू.

खरी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे चक्करचे पेशंट वाढलेत आणि सर म्हणतात तू बघ. कॉलेजात व्हेस्टिब्युलर (कानातला तोलाचा भाग) म्हणजे कॅलरिकची (कानात गार-गरम पाणी सोडून करायच्या टेस्टची) थिअरी आणि परीक्षेपुरती डायग्रॅम, एवढंच झालं होतं. गेल्या आठवड्यात औशाकडच्या एक मावशी आल्या, वय ५८, कूस बदलली की घर फिरतं म्हणाल्या. मी म्हटलं बीपीपीव्ही, म्हणजे आतल्या कानातले खडे सरकून येणारी चक्कर. डिक्स-हॉलपाइक केलं, म्हणजे डोकं वळवून पटकन झोपवून बघितलं, उजवीकडे चक्कर आली, लगेच इपली, म्हणजे डोकं फिरवून खडे जागेवर न्यायचं मॅन्यूव्हर केलं. फरक नाही. दोन दिवसांनी परत, फरक नाही. तिसऱ्यांदा झाल्यावर मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही मला नुसतंच लोळवताय." काय बोलणार!

तर विचारायचं हे की पॉइंट्सपण मिळतील आणि हातालापण काही येईल असं कुठे शिकता येईल? आणि या मावशींचं माझं कुठे चुकलं?

जुनी_खोड_पुणे
ताई, आधी मावशींचं बघू. चक्कर आली म्हणताय, पण निस्टॅग्मस (डोळ्यांचे आपोआप बसणारे झटके) कुठल्या दिशेला होता? डोळे वर उडत गोल फिरत होते की नुसते आडवे हलत होते?

कानोसा_लातूर
सर, लिहून ठेवलेलं नाही. फ्रेंझल चष्मा (नजर रोखू न देणारा भिंगाचा) नाही आमच्याकडे आणि लाइट चालू होता. आडवे हलले असावेत. त्यांनी डोळे घट्ट मिटूनच घेतले होते अर्ध्या वेळ.

जुनी_खोड_पुणे
मग उत्तर तिथेच आहे. डोळे बघितले नाहीत तर नुसती चक्कर आली एवढ्यावर खडे आतल्या कानाच्या कुठल्या कॅनालमध्ये (अर्धगोल नळीत) आहेत ते ठरवता येत नाही. मागच्या म्हणजे पोस्टेरियर कॅनालचा असेल तर झोपवल्यावर दोनचार सेकंद काही नाही आणि मग डोळे वरच्या दिशेला झटके देत गोल फिरतात, मिनिटाच्या आत थांबतात. यातलं गोल फिरणं नजर एका जागी रोखली तरी पुरतं दबत नाही म्हणून उघड्या डोळ्यांनीही दिसतं. आडव्या कॅनालचा मात्र नजर रोखली की दबतो, तुमच्या ट्यूबलाइटखाली निम्मा तिथेच गेला असणार.

आता सुपाइन रोल टेस्ट करा. उताणं झोपवायचं, डोक्याखाली उशी देऊन मान साधारण ३० अंश उचललेली, मग डोकं एकदा उजवीकडे ९० अंश, थांबा, मध्ये आणा, मग डावीकडे. दोन्हीकडे निस्टॅग्मस जमिनीच्या दिशेला असेल तर ज्या बाजूला जास्त जोरात तो कान दुखरा, म्हणजे बिघडलेला. दोन्हीकडे छताच्या दिशेला असेल तर उलटं, जिकडे कमी तो दुखरा, आणि तिथे उपचारही वेगळे. पहिल्या प्रकारात बार्बेक्यू रोल, म्हणजे दुखऱ्या कानाकडून चांगल्या कानाकडे ९०-९० अंशांनी पूर्ण लोळवायचं. मावशींना लोळवल्याचा राग आहेच, अजून एकदा ऐकून घ्या.

आणि हेही असू शकतं की आधी पोस्टेरियरच होता आणि तुमच्या इपलीत खडे सरकून आडव्या कॅनालमध्ये गेले. होतं असं, त्यात तुमचं पाप नाही.

एक विचारतो, इपलीनंतर त्यांना दोन रात्री बसून झोपा आणि कॉलर लावा असं सांगितलंत का?

कानोसा_लातूर
हो 🙈 आणि चक्करची गोळी पण चालू आहे, ती सरांनी दिलेली.

जुनी_खोड_पुणे
अमेरिकेतल्या ईएनटीवाल्यांची २०१७ ची गाइडलाइन नीट वाचा, मॅन्यूव्हरनंतर असली बंधनं घालू नका असं स्पष्ट आहे, आणि बीपीपीव्हीला चक्करच्या गोळ्या सरसकट देऊ नका असंही. मी स्वतः पंधरा वर्षं लोकांना बसून झोपवलं आणि आता कुणी विचारलं की खाली बघतो. गोळीचं मात्र तुम्ही थांबवायचं नाही, सरांशी बोला, टेस्टच्या आधी किती वेळ बंद ठेवता येईल ते तेच ठरवतील. गोळीच्या गुंगीत निस्टॅग्मस मंद दिसतो हे त्यांना सांगितलंत तर ऐकतील.

वऱ्हाडी_ऑडिओ
दादा बरोबर सांगून राहिले, फक्त एक गोष्ट जोडते. आपल्याला कॉलेजात शिकवलं होतं की आधी पेशंटला विचारा कसं वाटतं. मराठीत तर शब्द पण किती, गरगरतं, भोवळ येते, अंधारी येते, झोक जातो, डोकं हलकं वाटतं. मी बरीच वर्षं गरगरतं म्हणजे कानाचं, अंधारी म्हणजे बीपीचं आणि झोक म्हणजे मेंदूचं किंवा पायाचं असं मनात मांडून ठेवलं होतं. मग एका वर्कशॉपला कळलं की पेशंटच्या शब्दावर फार विसंबू नये, तोच माणूस दहा मिनिटांनी दुसरा शब्द सांगतो. त्यापेक्षा किती वेळ राहते आणि कशानं येते ते विचारा. मी दुसऱ्या दिवशी ओपीडीत मुद्दाम करून पाहिलं, एका आजोबांनी पहिल्यांदा अंधारी सांगितली आणि मी फाईल लिहून वर बघेपर्यंत गरगर झाली होती!

जुनी_खोड_पुणे
थोडा असहमत. अंधारी शब्द आला की मी आजही आधी उभं करून बीपी बघायला सांगतो आणि बऱ्याचदा तिथेच सापडतं. शब्द टाकून देऊ नका.

वऱ्हाडी_ऑडिओ
टाकून नाही देत हो, पण त्याच्यावर टेस्ट ठरवत नाही. आणि वेळ विचारण्याचा दुसरा फायदा ऐका. आमच्या ग्रुपमध्ये एकीने हिंट्स (चक्कर कानाची की स्ट्रोकची ते डोळ्यांवरून ओळखायची टेस्ट) नवीन शिकलं आणि मग बीपीपीव्हीवाल्यालाही हिंट्स करायला लागली. हिंट्स ज्याला सलग तासन् तास चक्कर चालूच आहे आणि तपासताना निस्टॅग्मस दिसतोय त्याच्यासाठी. कूस बदलल्यावर अर्धा मिनिट गरगरणाऱ्याला करून काय मिळणार, त्यातलं हेड इम्पल्स (डोकं झटक्यात वळवून नजर टिकते का बघणं) नॉर्मल येईल, आणि सलग चक्करवाल्यात नॉर्मल हेड इम्पल्स म्हणजे उलट स्ट्रोकची भीती. पेशंटला उगाच एमआरआयला पाठवलं तिने.

पॉइंट्सचं म्हणाल तर बांद्र्याच्या अलीयावर जंगला किंवा मैसूरच्या आयशला (दोन्ही आपल्या विषयाच्या सरकारी संस्था) प्रत्यक्ष होणारा प्रोग्रॅम धरा, इस्हाकॉनला (आपल्या संघटनेच्या परिषदेला) गेलात तर आधीच्या वर्कशॉपचं वेगळं रजिस्ट्रेशन असतं का बघा, मेन हॉलमध्ये मागे बसण्यापेक्षा ते बरं. नाव भरायच्या आधी एकच विचारा, एका खाटेमागे किती जण? वीस म्हणाले तर घरी बसा.

सिडनीकर
इकडून लिहितोय. इथे ऑडिओलॉजिस्टसाठी सरकारी रजिस्ट्रेशन नाही, ऑडिओलॉजी ऑस्ट्रेलियासारख्या संघटनांचं ॲक्रेडिटेशन असतं आणि त्यासाठी पॉइंट्स इथेही गोळा करावेच लागतात, म्यूट करून बसणारे इथेही आहेत, तेव्हा फार अपराधी वाटून घेऊ नका. गंमत म्हणजे ज्या शहरात हालमागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये हेड इम्पल्स टेस्ट मांडली त्या शहरात राहून मला ती धड जमायला वर्ष गेलं. मी डोकं फार लांब फिरवायचो. १०-२० अंश पुरतात, पण झटका वेगात हवा आणि कुठल्या बाजूला येणार ते पेशंटला कळता कामा नये.

शिकलो कसा तर आमच्या क्लिनिकमध्ये गुरुवारी दुपारी डबा खाऊन झाला की आम्ही चौघं एकमेकांना झोपवायचो, एक जण पेशंट, एक करणारा, बाकीचे हात कुठे आहेत ते बघणार. पॉइंट्स किती मिळाले विचारू नका. तुमच्याकडे लातूर-सोलापूर-नांदेड मिळून चारपाच जणी जमत असाल तर एक रविवार पुरे. पेशंटची लेखी परवानगी घेऊन डोळ्यांचा मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा, चेहरा बाकी झाका, तो घेऊन या.

मशीनवाला_कोल्हापूर
सगळे चक्करच्याच मागं लागलेत म्हणून जरा कानाचं बोलतो. शिकायचंच असेल तर रिअल इअर मेझरमेंट (मशीन लावून कानाच्या आत पोचणारा आवाज मोजणं) पण शिका राव. कंपनीचं फर्स्ट फिट दाबलं आणि पेशंटला विचारलं ऐकू येतंय का, झालं फिटिंग, असं निम्म्या ठिकाणी चाललंय. प्रोब ट्यूब घातली की कळतं हाय फ्रिक्वेन्सीत टार्गेटच्या किती खाली आहोत. माझ्याकडे दुसरीकडून मशीन घेतलेले एक निवृत्त मास्तर आले, सगळा आवाज घुमतो म्हणून. बघतो तर एनएएल-एनएल२ (मशीनचा आवाज ठरवायचं सूत्र) मध्ये भाषा टोनल (सुरावर अर्थ बदलणारी, चिनीसारखी) ठेवलेली. मराठी कुठली टोनल! टोनलला ते खालच्या फ्रिक्वेन्सीला जरा जास्त गेन देतं. ते बदललं, टार्गेटला आणलं, मास्तर म्हणाले आता तुझं "स" ऐकू आलं. तासाभराचं काम, आणि कुठल्या वेबिनारमध्ये हे सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

सिडनीकर
हे सूत्र बनवणारी एनएएल संस्था पण सिडनीचीच हां 😀

कानोसा_लातूर
अपडेट देते. सरांशी बोलले, त्यांनी गोळी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली. काल मावशी आल्या. खोलीतला लाइट घालवला, डोळे उघडे ठेवा म्हणून चारदा सांगितलं, शेवटी त्यांच्या सुनेला पापण्या धरायला उभं केलं. रोल टेस्टला दोन्हीकडे डोळे आडवे, जमिनीच्या दिशेला, आणि उजवीकडे एवढे जोरात की सूनच घाबरली. म्हणजे उजवा आडवा कॅनाल. बार्बेक्यू करायला गेले तर आमची खाट भिंतीला चिकटलेली आणि एवढी अरुंद की पालथं होताना मावशी खालीच येतील. शेवटी रिसेप्शनच्या पोरानं वरून सतरंजी आणली आणि जमिनीवर केलं सगळं. उठून बसल्यावर पाच मिनिटांनी परत तपासलं, उजवीकडे किंचित हलले, डावीकडे काही नाही. सोमवारी परत बोलावलंय.

वऱ्हाडी ताई, बांद्र्याला फोन केला, प्रोग्रॅमच्या तारखा मेलवर पाठवतो म्हणाले, खाटेचं विचारायला लाज वाटली पण विचारलं. सोलापूर-नांदेडचं कुणी हे वाचत असेल तर मेसेज करा, रविवारी क्लिनिक रिकामं असतं, सरांनी चावी देतो म्हटलंय. सतरंजी आहे.