कार्टून नेटवर्कचा जुना लोगो: कुठलं अक्षर काळ्या चौकोनात?

धावदोरा: धाकट्या भावाकडे पुढच्या महिन्यात बाळ येतंय. गोधडी शिवायला घेतलीय, मधोमध कार्टून नेटवर्कचा जुना काळापांढरा लोगो. केबल आली तेव्हा भाऊ शाळेतही जात नव्हता. लोगो मोठा होऊन पडद्यावर आला की त्याचं बोट धरून मी एकेक चौकोन वाचून घ्यायचे. काच चरचरायची, तो हात मागे घ्यायचा, परत टेकवायचा. अक्षरं तो तिथे शिकला, म्हणून मला तोच लोगो हवा, नंतरचा दोन अक्षरी नको. काळं पॉपलीन आणि मांजरपाट आणलंय. सी काळ्यात की पांढऱ्यात? खालची ओळ कशी सुरू होते?

चौकटराजा: सी काळ्यात, अक्षर पांढरं. इंग्रजीत दोन्ही शब्द सात-सात अक्षरांचे, म्हणून 14 चौकोन चपखल बसतात. खालची ओळ उलट, एन पांढऱ्यात. एकूण 7 काळे, 7 पांढरे कापा. वरच्या जोड-ओकडे लक्ष ठेवा: पहिला काळ्यात, दुसरा पांढऱ्यात. पहिल्याच्या बरोब्बर खाली नेटवर्कचा ओ येतो, तो पांढऱ्यात.

रात्रपाळी: ताई, हा लोगो 1 ऑक्टोबर 1992 चा, अमेरिकेत चॅनल सुरू झालं तेव्हाचा. आपल्याकडे चॅनल 1995 मध्ये आलं, तेही टीएनटीबरोबर वाटून. दिवसा कार्टून, रात्री त्याच नंबरावर जुने इंग्रजी सिनेमे. दोन्ही टर्नर कंपनीचीच. त्यांनी 1986 मध्ये एमजीएमच्या सिनेमांचा साठा घेतला होता, 1991 मध्ये हॅना-बार्बेरा ही कार्टून बनवणारी कंपनी. 2004 मध्ये अमेरिकेत दोनच चौकोन उरले, पण तिथेही सी काळ्यात, एन पांढऱ्यात.

धावदोरा: हो, सिनेमे लागले की भाऊ रडायचा! चौकोन गेले म्हणून. आईला वाटायचं भूक लागली.

काल रात्री सगळे तुकडे सतरंजीवर मांडले. मी दोन्ही ओ काळेच कापून बसले होते, चौकटराजांमुळे एक वाचला. ओच्या पोटातलं भोक कापताना पॉपलीनचे धागे सुटतात, म्हणून कड आत मुडपून बारीक टाके घालतेय. सी, ए, आर झाले. टी आज.