बाळंतपणाची रजा संपतेय – ऑफिसचे कपडे, दूध आणि सकाळची धावपळ कशी जमवता?

मोगरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात परत कामावर जायचंय. मी बँकेत आहे, ब्रँच फोर्टला, लोनचं टेबल आहे म्हणजे दिवसभर समोर कस्टमर बसलेला. लेक सहा महिन्यांची होईल, वरचं नुकतंच सुरू केलंय, नाचणी सत्त्व आणि मुगाच्या डाळीचं पाणी, पण अजून मुख्य पोट माझ्याच दुधावर भरतं. नवरा तळोज्याला कंपनीत, त्याची फर्स्ट शिफ्ट असली की तो उजाडायच्या आत बाहेर, म्हणजे सकाळी पाळणाघरात सोडायचं काम माझंच.

आता प्रश्न, वरवर बघता कपड्यांचाच आहे पण मला त्याने खरंच झोप नाहीये. जुने फॉर्मल शर्ट छातीत बसत नाहीत, बटणांमध्ये फट पडते. ट्राउझर कमरेला होत नाहीत. सासूबाई म्हणतात साडी नेस, बँकेत साडी शोभते, आणि त्या प्रेमानेच म्हणतात, पण कडेवर मूल, खांद्याला दोन पिशव्या आणि डोंबिवलीहून सकाळची फास्ट, त्यात साडी कशी सांभाळायची? परवा प्रॅक्टिस म्हणून क्रेपचा ड्रेस घालून हिला घेतलं तर पाच मिनिटांत खांद्यावर दुधाची गुळणी, आणि हिची फीडची वेळ टळली की माझं दूध पाझरायला लागतं, त्या कापडावर लगेच डाग दिसला. कस्टमरसमोर असं झालं तर काय करायचं?

तर तीन गोष्टी सांगा. एक, कुठले कपडे, कारण अंग अजून बदलतंय, सगळं नवीन घेणं परवडणार नाही. दोन, ऑफिसात दूध काढायला जागा नाही, मॅनेजर पुरुष आहेत, चांगले आहेत पण त्यांच्याकडे हा विषय काढायचा कसा? तीन, सकाळी कुठल्या क्रमाने आवरता? पहिलटकरीण आहे, सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

कृष्णाकाठची

मोगरा, आधी अभिनंदन गं. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पहिली-दुसरीचा वर्ग. आमच्याकडे कपड्यांचा नियमच आहे, 15 मार्च 2024 चा शासन निर्णय, बाईंनी साडी नाहीतर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. जीन्स-टीशर्ट नाही, गडद रंग नाही, चित्रविचित्र प्रिंट नाही. आणि अंगावर पिणारं मूल असणाऱ्या बाईला नेमका गडद आणि प्रिंटचाच आधार असतो, फिक्या प्लेन कापडावर थेंब पडला की रुपयाएवढा डाग दिसतो. तुझ्यावर असा नियम नसेल तर सरळ गडद रंगाचे बारीक प्रिंटचे सुती कुर्ते घे, अजरख, बगरू, इंडिगो, असलं काही. डाग पडला तरी प्रिंटमध्ये मुरून जातो, आणि कडक इस्त्री केली की कुर्ता पूर्ण फॉर्मल दिसतो. क्रेप, जॉर्जेट, सॅटिन आत्ता वर्षभर कपाटात राहू दे.

दुपट्टा मात्र नेहमी घे, सुती, दोन्ही खांद्यांवरून समोर सोडलेला. मला त्याने खूप वाचवलंय. पिन लावायची असेल तर मूल सोडल्यावर लाव. सेफ्टी पिन लावून बाळाला कधीच घ्यायचं नाही, त्यांची बोटं बरोब्बर तिथेच जातात. टिकलीचंही तसंच, मुलं कपाळावरून काढून थेट तोंडात घालतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही, म्हणून मी टिकली शाळेत पोचून लावते. मंगळसूत्र छोटं घालते, लांब असलं की धरून ओढतात आणि तुटलं की मणी सगळीकडे.

अजून एक, दुधाचे डाग आधी गार पाण्यात भिजव, गरम पाण्यात टाकलेस तर पक्के बसतात. वरणाचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नकोस, धुऊन कडक उन्हात टाक, फिका पडत जातो.

काळाकोट_नागपूर

मी वकील आहे, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस, मुलगा आता तीन वर्षांचा. आम्हाला काळा कोट आणि पांढरे बँड, उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाची सक्ती नसते तेवढीच काय ती सूट, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. कपड्यांचं कृष्णाकाठची यांनी छान लिहिलंय, मी दुसऱ्या प्रश्नावर बोलते कारण तिथेच बायका गप्प बसतात.

मॅनेजरकडे उपकार मागायला जायचं नाहीये. मातृत्व लाभ कायद्यात, 1961 पासूनच, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज दोन नर्सिंग ब्रेक द्यायची तरतूद आहे. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करायची जबाबदारी मालकावर आली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. आता हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय, पण हक्क तेच आहेत. रजा संपताना कामाच्या स्वरूपानुसार घरून काम मालकाशी ठरवून घेता येतं असंही त्यात आहे, तुझ्या टेबलाला ते कितपत लागू होईल ते तू बघ, पण विचार जरूर.

कसं बोलायचं म्हणशील तर लेखी. जॉइन व्हायच्या आधी एक साधा ईमेल टाक, मॅनेजरला आणि एचआरला दोघांना. "मी अमुक तारखेला रुजू होत आहे. माझी मुलगी स्तनपान घेते. नियमाप्रमाणे दोन नर्सिंग ब्रेक साधारण या वेळांना घेईन, त्यासाठी आतून कडी लागणारी एक खोली आणि प्लग पॉइंट उपलब्ध करून द्यावा." एवढंच. लाजायचं काही कारण नाही आणि लांबलचक स्पष्टीकरणही नको. लेखी असलं की मॅनेजरलाही सोपं जातं, त्याला वर दाखवायला कागद मिळतो. आणि खोली म्हणून टॉयलेट दाखवलं तर स्पष्ट नाही म्हण, बाळाचं अन्न आहे ते.

हे सगळं मी अशिलांना सांगते पण आमच्यासारख्या स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही, ना रजा ना ब्रेक, कारण आम्हाला मालकच नसतो. मी बाररूममध्ये दोन खुर्च्यांवर शाल टाकून आडोसा करायचे आणि मैत्रीण दाराशी उभी राहायची. म्हणून म्हणते, तुझ्या हातात हक्क आहे तर तो वापर. तू वापरलास तर पुढच्या मुलीला खोली तयार मिळेल.

आंबेमोहोर

काळाकोट, शाल आणि दाराशी मैत्रीण हे वाचून गलबलून आलं.

मोगरा, मी ठाण्याची, मी पंप करून दूध आणायचे त्यामुळे त्याबद्दल. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास टिकतं, फ्रीजमध्ये 4 दिवस. पण आपल्याकडे 25 अंश असतात कधी? म्हणून बाहेर ठेवायचंच नाही. छोटी इन्सुलेटेड बॅग आणि गोठवलेले आइस पॅक, यात 24 तास चालतं, ट्रेनचा प्रवास आरामात होतो. बाटलीवर तारीख-वेळ लिहून चिकटव. पाळणाघरातल्या मावशींना स्वतः उभं राहून दाखव की बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात धरायची, मायक्रोवेव्ह नाही, गॅसवर उकळायचं तर अजिबात नाही, आणि बाळाने उष्टं ठेवलेलं परत ठेवायचं नाही. मावशींना आपल्या वरच्या दुधाची सवय असते, त्या न सांगता उकळतात.

ब्रेस्ट पॅड कापडाचे धुवायचे घे, पर्समध्ये एक जोडी जास्त ठेव. आणि जॉइन व्हायच्या आधी आठवडाभर हिला पाळणाघरात थोडा थोडा वेळ ठेवून बघ, तिला वाटीचमच्याने किंवा बाटलीने दुसऱ्याच्या हातून प्यायची सवय व्हायला वेळ लागतो. माझ्या मुलाने सुरुवातीला तोंडच लावलं नव्हतं.

दोन_पिल्लांचा_बाबा

पुण्यातून. माफ करा बायकांच्या चर्चेत घुसतोय, पण ही चर्चा बायकांचीच का असावी हा माझा पहिला मुद्दा. आमच्याकडे मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, बायको हॉस्पिटलमध्ये टेक्निशियन, तिचा युनिफॉर्म ठरलेला आणि वेळही. मी इंजिनियर. माझ्या शर्टावर खांद्याला डाग असला तर मीटिंगमध्ये लोक हसून म्हणतात वा, बाबा झालास, आणि तिच्या युनिफॉर्मवर तोच डाग असला तर बाई अव्यवस्थित ठरते. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते सहन होत नाही.

मोगराताई, मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट आहे हे मान्य, पण मग आदली रात्र पूर्ण त्यांची असायला हवी. आमच्या घरी सकाळी काहीही शोधायचं नाही असा नियम आहे. रात्री जेवणं झाली की मी दुसऱ्या दिवशीचे चौघांचे कपडे इस्त्रीसकट हँगरला लावतो, बाळाची पिशवी भरतो, दोन दुपटी, तीन कपड्यांचे जोड, डायपर, सत्त्वाचा डबा, औषध असेल तर चिठ्ठीसकट. बाटल्या उकळून पालथ्या. इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकणं-आणणं माझ्याकडे. यात मदत हा शब्द मला पटत नाही, मुलं माझीही आहेत.

केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस रजा मिळते, खाजगीत कायद्याने काहीच नाही, कंपनीच्या मर्जीवर. पण रजा नसली तरी रात्रीचे दोन तास असतातच ना. मिस्टरांना हा धागा वाचायला द्या.

सुमनमावशी

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, टेलिफोन खात्यात होते, गिरगावातून फोर्टला जायचे. आमच्या वेळी रजा तीनच महिने. बाळ इवलंसं असायचं आणि आम्ही निघायचो. पाचवारी साडीच, दुसरं काही घालायचं डोक्यातही यायचं नाही. मोगरा बाळा, तुला एक अनुभवाचं सांगते, टेबलाच्या खणात कपड्यांचा एक पूर्ण जोड कायम ठेव, वरचा, आतला, सगळा. आम्ही ब्लाऊज ठेवायचो. कोणी बाई लहान मूल घेऊन यायची, ते मूल रडायला लागलं की मला इकडे पान्हा फुटायचा, आवरणं आपल्या हातात नसतं ते. तेव्हा दोन्ही हातांची घडी छातीवर घट्ट दाबून धरायची, मिनिटाभरात ओसरतो. मग शांतपणे उठून बदलून यायचं. यात ओशाळण्यासारखं काही नाही गं, ते दूध आहे.

आणि सासूबाईंना साडीसाठी तोडून बोलू नकोस. सण असेल, कार्यक्रम असेल तेव्हा नेस, रोजची तुझी सोय तू बघ. त्यांना सकाळचा अर्धा तास नात सांभाळायला जमत असेल तर तो मागून घे, साडीपेक्षा तो मोलाचा आहे.

रानजाई

सकाळच्या क्रमाचं कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मीही कल्याणहून अप-डाउन करते. स्वतःचे ऑफिसचे कपडे सगळ्यात शेवटी. म्हणजे अंघोळ, केस, डबा, बाळाला पाजणं, ढेकर काढणं, तिचे कपडे, हे सगळं गाऊनवर. मग तिला खाली सतरंजीवर ठेवायचं आणि कुर्ता घालायचा. कुर्त्यावर नवऱ्याचा जुना मोठा शर्ट पुढून बटणं लावून चढवायचा आणि मग तिला घ्यायचं. पाळणाघराच्या दारात मूल दिलं की तो शर्ट काढून पिशवीत. गुळणी, लाळ, केळं, जे काय ते त्या शर्टावर. पाळणाघरातल्या बाकीच्या आया पहिल्यांदा बघत राहिल्या, आता त्यातल्या दोघी तेच करतात.

साडीबद्दल मात्र मी सुमनमावशींशी थोडी असहमत आहे. कार्यक्रमालाही नाही जमत तर नको नेसू. फूटबोर्डवर गर्दीत निऱ्यांवर पाय पडलेला मी बघितलाय, त्या बाईला बाजूच्यांनी धरलं म्हणून वाचली. पहिली काही महिने तरी अंगाला सुटसुटीत, घोट्याच्या वर पँट आणि सपाट चप्पल.

कपडे नवीन किती घ्यायचे म्हणशील तर चार कुर्ते, दोन पँट, इलॅस्टिकच्या. पुढून बटणांचे कुर्ते बघ म्हणजे पंप करताना अख्खा वर करावा लागत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जुन्या कुर्त्यांना बाजूच्या शिवणीत चेन लावून मिळते, दुकानातला फीडिंग कुर्ता घ्यायची गरज नाही. जुन्या कुर्त्यांना आतून दाब असेल तर तो उसवून अंगात सैलही होतात.

मोगरा_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचताना दोनदा रडू आलं, चांगलं रडू.

काळाकोट, ईमेल जवळपास तुमच्याच शब्दांत टाकला. मॅनेजरांचा फोन आला, रेकॉर्ड रूमच्या शेजारी छोटी खोली आहे, तिथलं सामान हलवून कडी बसवतो म्हणाले, आणि वेळा कळवा म्हणजे त्या वेळी कस्टमरला अपॉइंटमेंट देणार नाही. एचआरचं उत्तर यायचंय. बाबा, धागा नवऱ्याला दाखवला, त्याने काही न बोलता पूर्ण वाचला आणि म्हणाला इस्त्री आणि बाटल्या माझ्याकडे. सुमनमावशी, सासूबाई सकाळी ये-जा करायला तयार आहेत, त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, म्हणजे पाळणाघर थोडं उशिरा चालेल. शिंप्याकडे तीन कुर्ते टाकलेत.

आता एवढंच सांगा, पंप हाताचा घेऊ की विजेचा? दोन ब्रेकमध्येच सगळं उरकायचंय.

आंबेमोहोर

विजेचा, दोन्ही बाजूंचा एकदम चालणारा, वेळ निम्मा लागतो. पण हाताचा एक स्वस्तातला पर्समध्ये असू दे, लोकल कुठे अडकली तर घरी पोचायला किती वाजतील सांगता येत नाही. आणि विकत घ्यायच्या आधी ओळखीत विचार, चांगले पंप बऱ्याच जणींकडे पडून असतात, फक्त तो दुसऱ्याने वापरायला चालणाऱ्या बंद यंत्रणेचा, म्हणजे दूध मोटरपर्यंत न जाणारा, आहे ना ते विचारून घे आणि नळ्या, कप, वॉल्व्ह नवीन घे. माझ्याकडचा मैत्रिणीकडे गेलाय, नाहीतर तुलाच दिला असता.