दोन्ही पर्याय ठीक वाटतात, मग देवाची इच्छा ओळखायची कशी?

नवशिका: खोटं बोलावं का, चोरी करावी का, असल्या बाबतीत आज्ञा स्पष्टच आहे. अडतं ते रोजच्या गोष्टींत. नोकरी बदलावी का? नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहावं का? काही जण म्हणतात, प्रार्थना करून पवित्र शास्त्र उघडा, नजर पडेल ते वचन म्हणजे उत्तर. काही म्हणतात, मनाला शांती वाटली की पुढे जा. यातलं काय धरायचं?

बेरियाकर: शास्त्र उघडून बोट ठेवणं आधी बंद करा. वचनाचा संदर्भ तुटतो, आणि मनासारखं निघेपर्यंत पानं उलटायचा मोह होतो तो वेगळाच. यावर गिदोनाच्या लोकरीचा दाखला हमखास येतो: रात्री पसरलेल्या लोकरीवरच दव पडावं, अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती. पण शास्त्रातल्या शास्ते या पुस्तकाचा ६ वा अध्याय वाचा. लोकर पसरण्याआधीच देवाने त्याला काय करायचं ते सांगून टाकलं होतं.

जामिनाचं तर शास्त्रात सरळच आहे: नीतिसूत्रे ६:१-५, १७:१८, २२:२६-२७. शेवटच्या ठिकाणी तर फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूणही जाईल, असा इशारा आहे. म्हणून सही करण्याआधी हिशेब मांडा: त्याने एकही हप्ता भरला नाही तर पूर्ण रक्कम व्याजासकट तुम्हाला झेपेल का? घरात सगळ्यांना हे माहीत आहे का? नसेल तर नाही म्हणा, आणि जमेल तेवढे पैसे परत मिळतील ही आशा न धरता देऊन टाका. शब्द आधीच देऊन बसला असाल, तर नीतिसूत्रे ६:३-५ प्रमाणे आजच जाऊन सुटका मागा. इथे भिडेखातर गप्प बसणारेच बुडतात.

लोकरवाला_नव्हे: मनाच्या शांतीबद्दल. योना संदेष्टा देवापासून पळत होता तरी तारवात गाढ झोपला होता (योना १:५). उलट अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू पित्याच्या इच्छेतच होता आणि व्याकूळही होता. कलस्सै ३:१५ मधली शांती मंडळीतल्या एकमेकांशी वागण्याबद्दल आहे, ती निर्णयाची पावती नव्हे. येशूसंघ (जेझुइट) स्थापणाऱ्या लोयोलाच्या संत इग्नेशियसचा नियम मात्र फार कामाचा आहे: मन खचलेलं असताना आधी शांत चित्ताने केलेला निर्धार बदलू नये. नोकरीचा राजीनामा भांडणाच्या दिवशी लिहू नका, एवढाच त्याचा अर्थ घेतला तरी पुरे.

बेरियाकर: सल्ल्याचं राहिलं. शलमोनाचा मुलगा राजा रहबाम याने सल्ला घेतला नाही असं नाही. वडीलधाऱ्यांचा टाकून बरोबरीच्यांचा धरला (१ राजे १२). आपणही हो म्हणणारा सापडेपर्यंत विचारत सुटतो. दोघातिघांनाच विचारा, पण त्यात एक तरी तोंडावर नाही म्हणणारा हवा आणि तुमच्या निर्णयात त्यांच्यापैकी कुणाचा स्वतःचा फायदा नको. सगळ्यांना तीच पूर्ण माहिती द्या, पगाराचा आकडा नि तुमचं कर्ज धरून. नोकरीबाबत समोरच्या कंपनीचंच ऐकून ठरवू नका, तिथून सोडून गेलेल्याशीही बोला; पहिली बाजू नेहमी खरीच वाटते (नीतिसूत्रे १८:१७).

नवशिका: आणि कुणी "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं" म्हणालं तर?

लोकरवाला_नव्हे: तुच्छ मानू नका, पारखा. १ थेस्सलनीकाकर ५:२०-२१ मध्ये दोन्ही एका दमात सांगितलंय. आणि "आजच ठरव, नाहीतर आशीर्वाद जाईल" असा तगादा असेल तर थांबाच. गिबोन गावचे लोक आपण फार दुरून आलोय असं भासवत आले, आणि त्यांची बुरशी लागलेली भाकर बघून इस्राएलांनी परमेश्वराला न विचारता करार केला. ते शेजारचेच निघाले, हे तीनच दिवसांत कळलं, पण शपथ घेऊन झाली होती (यहोशवा ९).